बेळगाव-खानापूर भागात खेड्यात घर घ्यायचंय? पहाणीपासून पहिल्या पावसापर्यंत

खानापूर तालुक्यात आम्ही पहिलं घर पसंत केलं ते बघताक्षणी. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं प्रशस्त सोपा, मागं परड्यात दोन फणस. मालकानं चहा दिला, किंमत सांगितली आणि म्हणाला, "घर माझंच हाय हो, कागद सावकाश बघूया की." विसाराचे दोन लाख द्यायचं आमचं ठरलंही होतं. निघताना शेजारच्या मामांनी रस्त्यात गाठून हळूच विचारलं, "बहिणींना सांगितलंय काय त्यानं?" दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन उतारा काढला. घर अजून वडिलांच्याच नावावर होतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, वारसा झालेला नव्हता आणि तीन बहिणींपैकी दोघींना या विक्रीची खबरही नव्हती.

त्यानंतर मनासारखं आणि कागदानंही स्वच्छ असं घर मिळायला आणखी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत नाडकचेरी (म्हणजे महसूल खात्याची गावपट्ट्यातली कचेरी), सर्व्हे ऑफिस, सब-रजिस्ट्रार, पंचायत अशा चकरा मारून जे कळलं ते क्रमानं लिहितो. पुण्या-मुंबईतून परतणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. आपली भाषा तीच, माणसं तीच, देवही तेच. पण जमिनीचा कायदा कर्नाटकाचा आहे आणि कागद कन्नडमध्ये आहेत. महाराष्ट्रात शिकलेलं जमिनीचं शहाणपण इथं अर्धंच उपयोगी पडतं.

आधी भाग ठरवा, मग घर

'बेळगावजवळचं खेडं' म्हणजे एकच काहीतरी नव्हे. पश्चिमेला उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमानी, बिजगर्णी, बेळगुंदी, किणये हा भाताचा आणि रताळ्यांचा पट्टा. शहर जवळ, मराठी शाळा जवळ, दवाखाना जवळ; म्हणूनच इथल्या जागांचे दर शहराच्या मागोमाग चढतात. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडं निघालात की घाटमाथा लागतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, वीज गेली तर लवकर येत नाही. ज्यांना हे आवडतं त्यांच्यासाठी त्या भागासारखा दुसरा भाग नाही. ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्यांनी तिकडं जाण्याआधी नीट विचार करावा.

नंदगड, हलशी, गर्लगुंजी, निडगल, इदलहोंड हा मधला पट्टा मला सगळ्यात राहण्याजोगा वाटतो. पाऊस पुरेसा, खानापूर जवळ, रस्ते बरे. पूर्वेला इटगी-बीडी-पारिश्वाडकडं काळी माती लागते. तिथल्या घरांच्या पायाला जास्त खर्च येतो, कारण काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. निपाणीकडचं चित्र आणखी वेगळं. तंबाखू आणि उसाचा मुलूख, हायवे हाताशी, कोल्हापूर जवळ. पण वेदगंगा-दूधगंगेच्या काठी घर बघत असाल तर २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावात विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

शांतता हवी म्हणून खेड्यात येताय, तर ती शांतता सकाळी, रात्री आणि हंगामात स्वतः तपासा. खानापूर तालुक्यात वीटभट्ट्या भरपूर आहेत. उन्हाळ्यात त्यांचा धूर आणि ट्रकची ये-जा असते. अर्ध्या किलोमीटरवर पोल्ट्री असेल तर माश्या घरापर्यंत येतात. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात रात्रभर ट्रॅक्टर चालतात. क्रशर असेल तर घरच सोडून द्या.

शिनोळीला चंदगड तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र. दहा मिनिटांच्या अंतरावर कायदा बदलतो. तिकडं शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इकडं २०२० च्या दुरुस्तीनं भूसुधारणा कायद्यातली कलम ७९ए आणि ७९बी काढून टाकल्यापासून बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते, कमाल धारणेच्या मर्यादेत. एजंट दोन्हीकडच्या जागा एकाच दमात दाखवतात, म्हणून प्रत्येक जागेला पहिला प्रश्न हाच: सातबारा की पहाणी, म्हणजे महाराष्ट्राचा जमिनीचा उतारा की कर्नाटकाचा?

घेण्याआधी एक पावसाळा भाड्यानं राहा

हा सल्ला ऐकून लोक नाराज होतात, कारण घर हातचं जाईल अशी भीती असते. तरी मी तोच देईन. खेड्यात रिकामी घरं असतात. मालक पुण्याला किंवा गोव्याला असतात आणि घराला माणूस राहिलेला त्यांना हवाच असतो. जूनपासून दिवाळीपर्यंत राहा. घर तसंच हातचं जाणार असेल, तर किमान दोनदा बघा, एकदा आषाढात आणि एकदा वैशाखात. आषाढात रस्ता आणि छप्पर कळतं, वैशाखात पाणी कळतं. एजंट नेहमी दिवाळीनंतर घर दाखवायला नेतात. तेव्हा शेत हिरवं असतं, विहीर भरलेली असते, रस्ता कोरडा असतो.

जागा कोणत्या प्रकारची आहे

इथं तीन प्रकारची घरं विकायला येतात आणि तिन्हींचे कागद वेगळे.

पहिलं, गावठाणातलं जुनं घर. याची नोंद ग्रामपंचायतीत असते. ई-स्वत्तु या संगणकीय नोंदीतून नमुना ९ आणि नमुना ११ए असे दोन कागद मिळतात. त्यावर मालकाचं नाव, लांबी-रुंदी, चतुःसीमा आणि फोटो असतो. गावात लोक याला घराचा उताराच म्हणतात, आणि व्हीपीसी नंबरानं, म्हणजे पंचायतीच्या घरनंबरानं, घर ओळखतात. खानापूर-निपाणीसारख्या ठिकाणी सिटी सर्व्हे झालेला असल्यानं तिथं सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि पीआर कार्ड, म्हणजे मिळकतपत्रिका, बघावी लागते. मुंबई इलाख्याच्या काळापासूनची ही पद्धत आहे.

दुसरं, गावाबाहेरचा एनए प्लॉट किंवा त्यावरचं घर. इथं जमीन बिनशेती झाल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम आणि मंजूर लेआऊट हे दोन्ही हवेत. नुसता हुकूम पुरत नाही. लेआऊट मंजूर नसेल तर रस्ता आणि गटार नकाशावर कुणाच्याच नावानं नसतात, आणि पुढं शेजाऱ्यानं कुंपण घातलं की तुम्हाला दाखवायला काही उरत नाही.

तिसरं, शेतातलं घर. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतीपुरतं घर बांधता येतं. शहरातले लोक 'फार्महाऊस' म्हणून जे घेतात, त्यातल्या पुष्कळ घरांना स्वतंत्र उतारा नसतो. पहाणीवर नुसती जमीन असते. असं घर घेणं चूक नाही, पण तुम्ही जमीन घेताय हे समजून घ्या. बँका सहसा अशा घरावर गृहकर्ज देत नाहीत.

आणि चौथा प्रकार, ज्याला मी प्रकार म्हणणारच नाही: बॉण्डवरचे गुंठे. बेळगाव शहराभोवतीच्या गावांत शेताचे तुकडे पाडून शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर कैक लोकांनी जागा घेतल्यात. कष्टाचे पैसे घालून, कर्ज काढून घेतल्यात. पण शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीपत्राशिवाय तुमची होत नाही. बॉण्डवर लिहिणारा, साक्षीदार आणि विकणारा तिघेही भले असले तरी नाही होत. अशा जागांना कधी कधी नमुना ११बी मिळतो. तो मिळाला म्हणून जागा नियमित झाली असं समजू नका. पंचायतीनं पट्टीसाठी नोंद घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

पहाणी वाचायला शिका

या पायरीवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण पुढची फसवणूक बहुतेक इथंच टळते.

पहाणी म्हणजे आरटीसी, बेळगावच्या बोलीत उतारा. सर्व्हे नंबर माहीत असेल तर 'भूमी' या सरकारी जमीननोंदींच्या संकेतस्थळावर कुणालाही ती बघता येते, आणि सहीशिक्क्याची प्रत नाडकचेरीत अल्प फीत मिळते. ती पूर्ण कन्नडमध्ये असते. मला कन्नड बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. एका आठवड्यात अक्षरं आणि अंक शिकलो, रोज संध्याकाळी एक तास. आपल्या पुढच्या आयुष्याचा पाया ज्या कागदावर आहे तो कागद दुसऱ्यानं वाचून दाखवावा आणि आपण मान हलवावी, हे मला सोसवेना. तुम्हीही शिका. भाषेचा वाद आपल्या जागी आहे आणि तो पिढ्यानपिढ्या चालला आहे. खरेदीच्या टेबलावर मात्र अक्षर ओळखणाराच वाचतो.

पहाणीचे रकाने क्रमांकानं ओळखा. तिसऱ्यात क्षेत्र असतं. एकर, गुंठे आणि आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा, आणि गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस, १०८९ चौरस फूट. त्याच रकान्यात 'खराब' लिहिलेलं दिसेल. 'अ' खराब म्हणजे मालकाचीच पण कसायला न येणारी जागा. 'ब' खराब म्हणजे ओढा, पाणंद, रस्ता, म्हणजे सरकारी. विकणारा एकूण क्षेत्राचे पैसे मागतो. तुम्ही 'ब' खराब वजा करून हिशेब करा.

नवव्या रकान्यात खातेदारांची नावं. एकाहून जास्त नावं असून क्षेत्र एकत्र दाखवलं असेल, तर ते 'जंटी' म्हणजे सामाईक खातं. त्यातल्या एकानं "बांधाच्या अलीकडचं माझं" म्हणून सांगितलं तरी कागदावर तो बांध नाही. दहाव्या रकान्यात ती नावं कशी आली ते कळतं, म्हणजे खरेदी, वारसा, वाटणी, आणि त्यापुढं एम.आर. नंबर, म्हणजे फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन फेरफाराची प्रत काढा. अकरावा रकाना म्हणजे इतर हक्क आणि 'ऋण', म्हणजे बोजा. पीकेपीएसचं (गावच्या शेती सोसायटीचं) पीककर्ज, बँकेचं गहाण, कोर्टाची मनाई, भूसंपादन, सगळं इथं येतं. विकणारा म्हणतो, सोसायटीचं कर्ज केव्हाच फेडलंय. फेडलं असेल खरं, बोजा उतरवलेला नसतो. खरेदीआधी तो उतरवून नवी पहाणी दाखवायला सांगा.

चालू वर्षाची एकच पहाणी बघून थांबू नका. मागं जात राहा, किमान तीस वर्षं. जुन्या हस्तलिखित पहाण्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळतात, आणि त्याही मागं गेलात तर मराठी, क्वचित मोडी कागद हाताला लागतात. आमच्या घराच्या बांधाचा एक तंटा अशाच जुन्या मराठी वाटणीपत्रानं सुटला. घरातल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत असे कागद असतात. विकणाऱ्याला आदरानं मागा, ते दाखवतात.

बोजा पहाणीवर नसला तरी गहाणखत नोंदलेलं असू शकतं. त्यासाठी ईसी, म्हणजे सब-रजिस्ट्रारचा बोजाचा दाखला, काढा. नमुना १५ आला तर व्यवहार नोंदलेले आहेत, नमुना १६ आला तर त्या काळात काही नोंद नाही. संगणकावर १ एप्रिल २००४ पासूनच्या नोंदी मिळतात. त्याआधीच्यासाठी सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज देऊन पुस्तकांतून शोध घ्यायला लावावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि एजंट नेमका तिथंच "कशाला हो एवढं" म्हणतो. हे पाऊल टाळू नका.

बहिणींच्या सह्या

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. कर्नाटकात ही तरतूद १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. तरी गावात अजून ऐकू येतं, "पोरींचं लग्न करून दिलंय, त्यांचं काय?" बहीण भावाशी वाकडं नको म्हणून गप्प असते. भाचा मोठा झाला की गप्प राहत नाही, आणि तोवर घर तुमच्या नावावर असतं.

म्हणून वंशावळ मागा, नाडकचेरीचा दाखला असलेली. त्यातलं प्रत्येक नाव स्वतः ओळखा. मयत असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्याचे वारस. वारशाची वर्दी देऊन सगळ्या हक्कदारांची नावं आधी उताऱ्यावर चढू द्यात, मगच व्यवहार करा. हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. साध्या कागदावरची संमती नको. सगळ्यात चांगलं म्हणजे बहिणींनाही खरेदीपत्रात विकणारे म्हणून घ्यावं आणि त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्याच खात्यावर जावेत. आम्ही शेवटी जे घर घेतलं त्यात दोन बहिणी अथणीहून आणि एक इचलकरंजीहून सहीला आल्या. प्रत्येकीच्या खात्यावर रक्कम गेली. त्या दिवशी कचेरीबाहेर भावाबहिणींनी एकत्र जेवण केलं. गेल्या चार वर्षांत या घराबद्दल मला कुणाचा फोन आलेला नाही.

ज्या जमिनी दुरूनच नमस्कार कराव्यात

सरकारनं अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना दिलेली जमीन १९७८ च्या कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर ती मूळ कुटुंबाला परत मिळते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मुदतीची आडकाठीही उरलेली नाही. ती योग्यच आहे. ज्यांच्यासाठी जमीन दिली त्यांच्याकडंच ती राहावी. दहाव्या रकान्यात 'मंजूर' असा शब्द दिसला की मूळ मंजुरीचा हुकूम बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

देवस्थान इनाम आणि वतनाच्या जमिनी, गायरान, यांचंही तसंच. कुळकायद्यानं मिळालेली जमीन पंधरा वर्षं विकता येत नाही, तेव्हा ती मुदत कधी संपली याची तारीख हवी.

खानापूरच्या पश्चिमेला जंगलाचा प्रश्न मोठा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आत आणि कडेला असलेल्या वस्त्यांत रस्ता, वीज, बांधकाम या प्रत्येक गोष्टीला वनखात्याची अट आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून वेळोवेळी निघत आहेत आणि त्यात या तालुक्यातली गावंही येतात. जागा वनहद्दीला लागून असेल तर वनखात्याच्या कचेरीतून सर्व्हे नंबराची खात्री करून घ्या. बेळगाव तालुक्यात दुसरी काळजी भूसंपादनाची: रिंगरोड, बायपास, बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्ग. सुपीक जमिनी वाचवायला शेतकरी वर्षानुवर्षं झगडत आहेत. घाईनं विकायला काढलेली स्वस्त जागा दिसली की सर्व्हे नंबर घेऊन संपादनाच्या कचेरीत चौकशी करा.

मोजणी

खरेदीआधी सर्व्हे खात्याकडून मोजणी करून घ्या, आणि मोजणीच्या दिवशी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा. सर्व्हे नंबराचा तुकडा घेत असाल तर ११ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा सर्व्हे खात्याचा नकाशा, लागतो. त्याशिवाय तुकड्याची नोंदणी होत नाही. दगड रोवताना फोटो काढा. शेजारी त्या वेळी काय बोलतो ते लक्ष देऊन ऐका. बांधाबद्दल तो कुरकुरला तर प्रश्न आत्ताच मिटवा, कारण उद्यापासून तो तुमचा शेजारी आहे.

घराची तपासणी

जुनं कौलारू घर बघताना रंग बघू नका. माळ्यावर चढा. आढं, वासे आणि रिपा चाकूच्या टोकानं टोचून बघा. भुसा पडला तर वाळवी किंवा भुंगा आहे. चिऱ्याची भिंत शंभर वर्षं टिकते, पण दोन थरांमधली माती धुऊन गेली असेल तर भिंत पोटातून फुगते. दोरी लावून बघा. पश्चिमेच्या आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो. तिथला खालचा हातभर भाग खरवडून बघा, मीठ फुटल्यासारखा पांढरा थर दिसला तर ओल कायमची आहे. पुष्कळ लोक अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करतात. तसं करू नका. मातीच्या भिंतीला श्वास घ्यायला चुना लागतो. सिमेंटनं ओल आतच अडकते आणि भिंत आतून सडते. जुनी कौलं मोडली असतील तर फेकू नका, खानापूर भागात त्या मापाची कौलं अजून शोधून मिळतात.

न्हाणीघर आणि संडास कुठं आहेत, शोषखड्डा विहिरीपासून किती दूर आहे, हे पावलांनी मोजा. पन्नास फुटांपेक्षा जवळ असेल तर तो हलवण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

पाणी आणि वीज

जलजीवनचा नळ दारात असणं आणि त्याला पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. शेजारच्या बाईला विचारा, एप्रिलमध्ये किती दिवसांनी पाणी येतं आणि किती घागरी मिळतात. पाण्याबद्दलचं खरं उत्तर घरातल्या बाईकडं असतं. विहीर सामाईक असेल तर पाण्याचा हक्क खरेदीपत्रात लिहून घ्या. बोअर असेल तर ती कधी मारली, किती फुटांवर पाणी लागलं, गेल्या उन्हाळ्यात मोटर किती वेळ चालली, ते विचारा.

विजेसाठी हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) आर.आर. नंबर, म्हणजे कनेक्शनचा नंबर, बघा आणि थकबाकी नाही याची पावती घ्या. गृहज्योतीत, म्हणजे सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, मालकाचं आधार त्या नंबराला जोडलेलं असतं. ते आधी सोडवून मगच तुमच्या नावावर घ्या. शेतातलं घर पंपसेटच्या लाइनवर असेल तर थ्री फेज दिवसाला सातच तास, तेही पाळीनं. फ्रिज, इंटरनेट आणि घरून काम करायचा बेत असेल तर गावच्या लाइनपासून खांब किती लागतात त्याचा अंदाज आधी काढा. मोबाइलची रेंज घराच्या आत बसून बघा, अंगणात नको.

दवाखान्याचं अंतर रात्री गाडीनं जाऊन मोजा. या भागात नाग, मण्यार, घोणस सगळे आहेत. सर्पदंशाचं औषध नेमकं कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते गावातल्या आशाताईंकडून माहीत करून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा.

पैसे आणि खरेदी

विसार चेकनं किंवा बँकेतून द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख विसार घेणं आयकर कायद्यात बसत नाही. विसारपत्रात एक ओळ घाला: कागदात दोष निघाल्यास रक्कम अमुक दिवसांत परत.

खेड्यातल्या मिळकतीवर मुद्रांक शुल्क पाच टक्के, त्या शुल्कावर दहा टक्के उपकर आणि तीन टक्के अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी दोन टक्के झाली आहे. म्हणजे दहा लाखांच्या घराला ५०,००० अधिक ५,००० अधिक १,५०० अधिक २०,०००, एकूण ७६,५०० रुपये. वकिलाची आणि बॉण्ड रायटरची फी वेगळी. सरकारी गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेली किंमत, जास्त असेल तर हिशेब तिच्यावर होतो. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवा असा सल्ला कुणीतरी देईलच. घेऊ नका, पुढं तुम्ही विकाल तेव्हा तो फरक तुमच्या अंगावर येतो, आणि आज दिलेल्या रोखीचा पुरावा तुमच्याकडं राहत नाही.

कावेरी या नोंदणीच्या संकेतस्थळावर मसुदा आधी भरला जातो आणि मग वेळ मिळते. तो मसुदा सहीच्या आदल्या रात्री तुमच्या हातात हवा. वकिलाकडून एकदा आणि तुमच्या ओळखीच्या कन्नड जाणणाऱ्याकडून एकदा, असा दोनदा मोठ्यानं वाचून घ्या. चतुःसीमा, जिला कन्नडमध्ये चक्कुबंदी म्हणतात, ती मोजणीच्या नकाशाशी ओळीनं ताडून बघा. आमच्या मसुद्यात पूर्व आणि पश्चिम उलट पडल्या होत्या. वाचून घेतलं म्हणून सापडलं. पत्र इंग्रजीतही करता येतं, हवं असेल तर तसं सांगा.

नोंदणी झाली की काम संपत नाही. शेतजमिनीचा फेरफार सब-रजिस्ट्रारकडून आपोआप पुढं जातो, तरी हरकतीची मुदत संपल्यावर नवी पहाणी काढून नाव चढलं का ते बघा. गावठाणातल्या घरासाठी पंचायतीत पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं) अर्ज देऊन ई-स्वत्तुत नाव बदलून घ्या. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या तुमच्या नावानं यायला लागेपर्यंत पाठपुरावा करा. एमएच पासिंगची गाडी घेऊन येत असाल तर बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवल्यास कर्नाटकात नोंदवावी लागते, तेही लक्षात असू द्या.

गावात राहायला गेल्यावर

पहिल्या आठवड्यात पंच मंडळींना भेटा, नारळ घेऊन ग्रामदेवतेला जा. महालक्ष्मीची यात्रा काही गावांत पाच-सात वर्षांनी भरते, काही ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांनी. यात्रेआधी वार पाळणूक असते; त्या वारी शेतात काम करत नाहीत, आणि तुमच्या घरचं बांधकामही थांबवावं लागेल. गवंड्याला आगाऊ सांगून ठेवा. यात्रेची पट्टी घरटी असते. तुमचंही घर त्या यादीत आलं तर आनंदानं द्या. पारायणाचा मंडप पडला की एका दिवसाचं अन्नदान घ्या, त्यातून जितक्या घरांशी ओळख होते तितकी वर्षभर हिंडूनही होत नाही. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी तुम्ही 'काय मामा, जेवण झालं?' म्हणा. शेजाऱ्याचं ढोर परड्यात शिरलं तर ओरडू नका, हाकलून कुंपण नीट करा. मुलं शाळेत घालताना मराठी माध्यम असलं तरी कन्नडही शिकवलं जातं. ती शिकू द्यात, घरातले कागद पुढं तीच वाचतील.

मे महिन्याच्या मध्याला घर शाकारून घ्या. माणसं तेव्हा सगळीकडं कामात असतात, म्हणून चैत्रातच सांगून ठेवा. मोडकी कौलं बदला, पन्हाळी साफ करा, पश्चिमेच्या भिंतीला पत्रा किंवा ताडपत्री बांधा, जळण कोरड्यात रचा. पहिला मोठा पाऊस आला की हातात खडू घेऊन घरभर फिरा. जिथं जिथं गळतं तिथं खाली जमिनीवर आणि वर वाशावर खूण करा, खाली भांडं ठेवा. भर पावसात कुणाला कौलावर चढवू नका. ओलं कौल निसटतं आणि माणूस पडतो. खुणा तशाच राहू द्यात. दिवाळीनंतर कौलं सुकली की शाकारणाऱ्याला त्या एकेक करून दाखवा.